नवा जोडलेला डेस्कटॉप सुरूच होईना : आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरी जोडलेल्या या कॉम्प्युटरला जुलैत आठ महिने झाले. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात तो रोज आठ-दहा तास चालतो. पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावायचं माझं काम आहे. आज तो उत्तम चालतो. पण पहिल्या दिवशी त्यानं आमचा जीव टांगणीला लावला होता. जास्त लिहायचंय ते त्या दिवसाबद्दल, कारण पुण्यातल्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) सुटे भाग आणून घरी जोडणाऱ्या कुणावरही ती वेळ येऊ शकते.

भाग असे: रायझन ५ ५६००जी हा सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर (सहा कोअर, ६५ वॅट, ग्राफिक्स आतच असल्यानं वेगळं कार्ड लागत नाही), बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). कॅबिनेट मात्र मोठं, एटीएक्स आकाराचं.

रविवारी दुपारी भाच्याला हाताशी घेऊन सगळं जोडलं आणि बटण दाबलं. सीपीयूवरचा पंखा अर्धा वेढा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करून मिनिटभरानं चालू केला, की परत तोच अर्धा वेढा. "मावशी, बोर्ड उडाला वाटतं," भाचा म्हणाला. माझ्या पोटात गोळाच आला.

पण मशीन मुळीच न हलणं आणि पंखा जरासा फिरून थांबणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. काहीच हलत नसेल तर आधी भिंतीवरचं सॉकेट, केबल, एसएमपीएसचा स्विच आणि पॉवर बटणाची वायर बोर्डाच्या योग्य पिनांवर बसली आहे का, ते बघावं. पंखा फिरून लगेच थांबत असेल तर शॉर्टसर्किटचा संशय आधी घ्यावा. एसएमपीएसला शॉर्ट जाणवला की तो पुरवठा तोडतो, आणि मागून वीज बंद-चालू केल्याशिवाय बहुधा पुन्हा उठत नाही. आमचं लक्षण तंतोतंत हेच होतं.

तरी एसएमपीएस तपासून घेतला. प्लग काढला, २४ पिनांचा कनेक्टर बोर्डापासून सोडवला आणि सोळावी व सतरावी पिन कागदाच्या क्लिपनं जोडली. जुन्या एसएमपीएसमध्ये हिरवी आणि काळी वायर बघून हे पटकन होतं. आमच्या सगळ्या वायरी काळ्या, म्हणून पिना दोनदा मोजल्या. कॅबिनेटचा एक पंखा त्याला जोडून वीज दिली, तर पंखा छान फिरत राहिला. (एसएमपीएस उघडून मात्र कधीही बघू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.)

मग बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. सीपीयू, कूलर, एकच रॅम, २४ पिनांची आणि सीपीयूची ८ पिनांची वायर, बस. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पॉवर बटणाच्या दोन पिना क्षणभर टेकवल्या, आणि मॉनिटरवर बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाची पहिली स्क्रीन, आली! भाच्यानं तर उडीच मारली.

म्हणजे दोष कॅबिनेटमध्ये होता. टॉर्च मारून पाहिलं तर बोर्ड ज्यावर बसतो त्या पितळी स्टँडऑफपैकी एक जास्तीचा होता. मोठ्या एटीएक्स बोर्डासाठी तो आधीच लावून आला होता. आमच्या छोट्या बोर्डाला तिथे भोकच नाही. बोर्ड उलटा केला, तर त्याच जागी सोल्डरच्या एका टेकाडावर बारीक, चकचकीत ओरखडा होता. तिथेच पितळ टेकून शॉर्ट होत होता. पक्कडीनं तो स्टँडऑफ काढला, भोकं मोजून सगळं परत बसवलं आणि पहिल्या फटक्यात मशीन सुरू झालं. कॅबिनेटबरोबरच्या कागदावर याबद्दल एक ओळ नव्हती. ती असायलाच हवी होती, याचा मला आजही राग आहे.

पहिल्या आठवड्यात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह धातूच्या खोक्यावर येतो, तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. आमच्या जुन्या इमारतीत त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. वायरमनकडून ते करून घेतल्यावर झिणझिण्या थांबल्या. पेठांतल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी मशीन घेण्याआधीच हे तपासावं.

बाकी वापर सुखाचा आहे. चारशे पानांचं पुस्तक चित्रांसकट उघडलं तरी अडखळत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा यूपीएसवर फाइल सेव्ह करून शांतपणे बंद करता येतं. धूळ फार बसते, म्हणून पुढची जाळी महिन्यातून एकदा धुते.

आता अंकांची कामं सुरू होतील, म्हणून रॅम वाढवायची आहे. बोर्डाला चार खाचा आहेत. सध्याच्या दोन रॅम सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत, मोकळ्या दोन खाचांत त्याच जातीच्या आणखी दोन बसवीन. भाचा येत्या रविवारी येतोय.