जुनी गादी पिंजून घेतली, उशा बदलल्या: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण गच्चीवर काढलं, तेव्हा घरच्यांचा आग्रह होता की जुनं सगळं देऊन टाक आणि फोमच्या गाद्या आण. मी काही धुतलं, काही पिंजून घेतलं आणि काही काढून टाकलं. आता साताऱ्यातला एक अख्खा पावसाळा त्या अंथरुणावर गेलाय. वस्तू किती वर्षांची आहे यापेक्षा तिच्या पोटात काय भरलंय, ते बघून ठरवावं, असं माझं मत पक्कं झालंय.

सगळ्यात मोठा प्रश्न सासूबाईंच्या गादीचा होता. कापसाची, डबल, मधोमध खड्डा पडलेली आणि कडेला गाठी आलेली. कापसाची गादी धुवायची नसतेच. कापूस भरपूर पाणी धरतो. वरचं कापड वाळलं तरी आत ओल राहते आणि बुरशी लागते. ती उसवून कापूस पिंजूनच घ्यावा लागतो. पूर्वी पिंजारी धुनकी घेऊन दारात यायचे, आता आम्ही गादी कारखान्यात जातो, तिथे मशीनवर पिंजतात.

गादी उसवली तेव्हा मी समोरच उभी होते. कापूस पिवळट झालेला, दाबून दाबून त्याचे घोंगडीसारखे थर झालेले. थर हातानं सोडवून मशीनमध्ये घातले आणि पलीकडून तोच कापूस फुगून बाहेर आला, रंगही बराच उजळलेला. खाली मात्र धूळ, तुटके आखूड तंतू आणि सरकीची फोलपटं पडली होती. तेवढं वजन घटतं, म्हणून वरून थोडा नवा कापूस घालावा लागतो. पिंजण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा वजन आपल्यासमोर करून घ्या. नवा कापूस मुठीत घेऊन बघा, चिंध्यांचे रंगीत तंतू दिसले तर तो घेऊ नका. वरचं कापड घट्ट विणीचं निवडा आणि दाभणानं टाके जवळजवळ घालायला सांगा. टाके लांब पडले की कापूस सरकतो आणि पुन्हा खड्डा पडतो.

सुरुवातीला गादी फारच उंच वाटत होती. काही आठवड्यांत ती बसली आणि मग चांगली लागली. सासऱ्यांना मऊ गादीवर कंबर धरल्यासारखी होते, त्यांना ही मानवली. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून दर रविवारी ती भिंतीला टेकवून पंख्याखाली उभी करत होतो आणि परत घालताना डोक्याकडची बाजू पायाकडे करत होतो. पलंगाच्या फळ्यांमध्ये फटी आहेत, त्याचाही फायदा झाला. कुबट वास आला नाही, खड्डाही पडलेला नाही. गादी थेट फरशीवर घालणाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये इतकं सोपं जाणार नाही, हेही सांगते.

प्रत्येक गादी मात्र पिंजण्याच्या लायकीची नसते. चिमूटभर कापूस बोटांत चोळल्यावर त्याचा चुरा होत असेल, बुरशीचे काळे ठिपके आत उतरले असतील किंवा टाक्यांच्या खाचांत ढेकूण असतील, तर ती घरात ठेवू नये. ढेकणांसाठी गादी उन्हात टाकतात, पण ते आतल्या थंड भागात सरकतात.

उशांच्या बाबतीत मी अजिबात जीव अडकवला नाही. फायबरच्या उशा मधोमध दुमडून सोडल्या तर तशाच पडून राहत होत्या, त्या सगळ्या गेल्या. कोकणातून आलेल्या शेवरीच्या उशाही जुन्या झाल्या होत्या. शेवरीचा कापूस सुंदर मऊ असतो, पण त्याचे तंतू ठिसूळ, त्यामुळे जुन्या उशीतून बारीक भुकटी गळायला लागते. खोळी ठेवल्या, भराव फेकला.

मुलाला सकाळी उठल्याउठल्या शिंका येतात, म्हणून उशांची जास्त काळजी होती. अंथरुणात माइट नावाचे बारीक जीव असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीवर आणि हवेतल्या दमटपणावर ते जगतात. थंड पाण्यात अभ्रे धुतले तर त्रास देणारी त्यांची घाण बरीचशी निघते, पण ते मरत नाहीत. त्यासाठी पाणी 60 अंशांचं लागतं. आता अभ्रे आणि पांढऱ्या चादरी दर आठवड्याला तेवढ्या गरम पाण्यात धुते. शिंका कमी झाल्यात. नव्या उशांमुळे किती आणि गरम पाण्यामुळे किती, ते वेगळं काढता येणार नाही.

वाकळा मात्र टाकायचा विचारसुद्धा मनात आणू नका. घटस्थापनेआधी घरातलं सगळं पांघरूण धुवायची आपली रीत फार शहाणपणाची आहे. पावसाळ्याची ओल त्यातून निघते आणि लगेच ऑक्टोबरचं ऊन मिळतं. जुन्या साड्यांची वाकळ मशीनमध्ये घालू नये. मशीनवर लिहिलेले 7 किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात आणि वाकळ भिजली की एका माणसाला उचलत नाही. मी टबात भिजवून पायांनी तुडवते. त्याआधी उसवलेले धावदोरे आणि फाटके तुकडे शिवून घेते, नाहीतर भोक धुण्यात मोठं होतं. कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासला की रंग जातो का ते कळतं. वाळवताना दोरीवर लोंबकळत ठेवली तर पाण्याच्या भारानं टाके ताणतात, म्हणून बाजेवर पसरावी.

सोलापुरी चादरींना फक्त धुणं लागलं. त्या अजून आपल्या मुलांना पुरतील.

पाहुण्यांच्या खोलीत एक फोमची गादी घेतली, कारण तिथली जुनी काथ्याची गादी कडेनं तुटली होती. फोम धुता येत नाही, पिंजता येत नाही आणि कडक उन्हात ठेवला तर पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून तिला चेनची खोळ शिवून घेतली आणि खोळच धुते. रोज झोपायला विचाराल तर मी कापसाचीच सांगेन.