आठ महिने वापरलेले लेदरचे ट्रेकिंग बूट: वजन पाठीवर चालतं, पायात नाही

धनत्रयोदशीला नंदुरबारकडच्या अस्तंबा डोंगराच्या चढावर डाव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटला. फेब्रुवारीत 4,200 रुपये मोजून घेतलेले बूट. दुकानदार म्हणाला, वॉरंटी सहाच महिन्यांची, त्यात बूट पाण्यात भिजलेत. डोंगरात घालायचे बूट भिजणारच ना! दोनदा चकरा मारल्या, वादही घातला, हाती काही आलं नाही. शेवटी चौकातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी 150 रुपयांत पक्की शिलाई मारून दिली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सोल सुटल्यावर मुक्कामासाठी सॅकमध्ये ठेवलेले कॅनव्हासचे बूट पायात घातले आणि लेदरचे सॅकला बांधले. अंगावरचं एकूण ओझं तेवढंच, एक ग्रॅमही कमी नाही. तरी पुढचा चढ एवढा सोपा गेला की मलाच खरं वाटेना. बरोबरच्या काकांनी सॅकला लटकलेला बूट हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "भो, हाऊ जोडा शे का लोढनं?" (भाऊ, हा जोडा आहे की लोढणं?)

घरी आल्यावर किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. लेदरचा एक बूट 760 ग्रॅम, कॅनव्हासचा 340. फरक 420 ग्रॅम. बारा हजार पावलांची चढण धरली तर प्रत्येक पावलाला 420 ग्रॅम जास्त, म्हणजे थोडं थोडं करत पाच टनांवर वजन उचललं. पाठीवरचं ओझं शरीराबरोबर वर सरकतं. पायातलं मात्र दर पावलाला उचलायचं, पुढे झोकायचं, पुन्हा थांबवायचं. 1969 मध्ये सौल आणि गोल्डमन या अमेरिकन संशोधकांनी हे मोजलं होतं: सपाटीवरसुद्धा पायातल्या वजनाला अंगावरच्या तेवढ्याच वजनाच्या, चालीच्या वेगानुसार, चार ते सहा पट शक्ती लागते. म्हणजे माझे जोडीमागचे 840 ग्रॅम पाठीवरच्या सव्वातीन ते पाच किलोंना भारी.

ऑगस्टमध्ये तोरणमाळला शेवाळलेल्या दगडांवर हेच बूट एकदाही घसरले नाहीत. तेव्हा मी चौघांना "हेच घ्या" म्हणून सांगितलं होतं आणि पोटऱ्या भरून आल्या ते वयामुळे, असं समजलो होतो. पकडीबद्दलचं मत आजही तेच आहे, उतारावर घोटाही छान सांभाळतात. पण चढासाठी आता कुणालाच सांगणार नाही. त्या चौघांनाही फोन करून कळवलंय.

घेणार असाल तर दुकानात आधी एक बूट काट्यावर ठेवायला लावा. माझ्या खोक्यावर वजन कुठेच लिहिलेलं नव्हतं. शिवलेली जोडी मी रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी भरायला ठेवलीय. घोट्यापर्यंत झाकलेली आहे, काट्याकुट्यांची भीती नाही.