पळस-करवंदीच्या दिवसांसाठी दुर्बीण: पेंटॅक्स पॅपिलिओ २ (६.५×२१)

फेब्रुवारी ते एप्रिल सह्याद्रीतल्या पायवाटांवर बघण्यासारखं निम्मं जग हाताच्या अंतरावर असतं. करवंदीच्या पांढऱ्या फुलांवरच्या मुंग्या, धायटीच्या लाल नळ्यांवर घुटमळणाऱ्या मधमाश्या, ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर चिखलपान करणारी फुलपाखरं. नेहमीची ८×४२ दुर्बीण (८ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची) साधारण दोन-तीन मीटरच्या आत फोकस होत नाही. ही पॅपिलिओ अर्ध्या मीटरवर होते.

अर्ध्या मीटरवरचं फूल आठेक सेंटिमीटरवर धरल्यासारखं दिसतं आणि दोन्ही डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे पुंकेसर पाकळीपासून सुटे उठून दिसतात. हातभिंग फुलाला चालतं. फुलपाखरू मात्र भिंग जवळ नेईपर्यंत उडून जातं. फोकसचं चाक फिरवलं की पुढची भिंगं आतल्या आत एकमेकांकडे सरकतात, म्हणून जवळच्या वस्तूच्या दोन प्रतिमा होत नाहीत. कल्पना साधी, पण काम चोख.

आधी दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराला जुळवा. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर अंतर चुकलंय. मग उजवा डोळा मिटून चाकाने डावी बाजू स्पष्ट करा, नंतर डावा मिटून उजव्या नेत्रभिंगाची कडी फिरवा. चष्मेवाल्यांनी रबरी कप खाली करून ठेवावेत.

खरी अडचण चाकाची आहे. दूरपासून जवळपर्यंत ते इतकं फिरवावं लागतं की तेवढ्यात शिंजीर पक्षी दुसऱ्या झाडावर गेलेला असतो. झुडपांच्या वाटेने जाताना फोकस आधीच मीटरभरावर ठेवा आणि शेवटचं अंतर स्वतः पुढे-मागे झुकून साधा. जवळून बघताना स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद असतो, तेव्हा बसून कोपर गुडघ्यावर टेकवा. ऊन बाजूने घ्या. स्वतःची सावली फुलपाखरावर पडली की खेळ संपला.

उंच पळसावरच्या पळसमैना न्याहाळायला ६.५ पट तोकडी पडते. २१ मिमीची भिंगं पहाटेच्या उजेडात अंधुक दाखवतात. फक्त पक्षी बघणार असाल तर ८×४२च घ्या. फुलं-कीटक हीच आवड असेल, तर २९० ग्रॅमची ही दुर्बीण गळ्यात जाणवतही नाही.

ती जलरोधक नाही. पावसाळ्यात सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशी धरेल. ८.५ पटीचा भाऊ मोहात पाडतो, पण त्यात हात जास्त थरथरतो आणि दृश्यही आक्रसतं.