जुनी पॉइंट टू-टू रायफल घेताय? आधी चेंबर धुऊन बघा

2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य जिंकलं, तेव्हापासून आमच्या रेंजवरची मुलं एअर रायफलवरून या प्रकारात लागणाऱ्या पॉइंट टू-टूची, म्हणजे 0.22 इंची काडतुसाच्या रायफलीची, स्वप्नं बघू लागली. नवी परदेशी रायफल काही लाखांत जाते, म्हणून पालक जुनी शोधतात. आम्हीही मुलासाठी तशीच घेतली आणि फसवले गेलो.

विकणारा परवानाधारक दुकानदार. कागदपत्रं चोख, नळी बाहेरून आरशासारखी लखलखीत. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, मात्र ग्रीस ठासलेलं. पुसून दाखवा म्हटलं तर "गंज धरू नये म्हणून लावलंय, रेंजवर गेल्यावर काढा" हे उत्तर.

रेंजवर पहिल्याच दिवशी काडतूस आत जाताना अडायला लागलं. झाडल्यावर पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) बोल्टबरोबर, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या मागच्या सरकत्या दांड्याबरोबर, बाहेर येईना, पुढून सळई घालून ढकलावी लागली. भिंगाखाली धरली तर पितळेवर उभा ओरखडा, फायरिंग पिनेच्या (काडतुसावर आपटून ते पेटवणारी सुई) खुणेच्या सरळ रेषेत. पुढच्या पुंगळ्यांवरही तोच, त्याच जागी. गोळी सुटताना पुंगळी दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, त्यामुळे भिंतीवर जे असेल ते पितळेवर उमटतं.

गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्याने) बोल्ट काढून चेंबर धुतलं आणि सगळं उघड झालं. पॉइंट टू-टूत फायरिंग पिन काडतुसाच्या काठावर आपटते. काडतूस नसताना घोडा दाबत राहिलं तर काही रायफलींत ती थेट चेंबरच्या तोंडावर बसते, खाच पडते आणि धातू आत सरकून कंगोरा उठतो. योग्य हत्याराने तो दाबून मागे बसवता येतो, काही न खरवडता. इथे कुणीतरी कानस चालवली होती. आत ओरखडेच ओरखडे, आणि वरून ग्रीस. हे नकळत झालेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

तडा असेल या भीतीने त्याने लाल रंगाची चाचणीही केली. रंग लावून पुसायचा, मग पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर त्यात मुरलेला रंग रेघ होऊन वर येतो. रेघ आली नाही. शंका फिटेपर्यंत एकही गोळी झाडू नका, आणि नळी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्ती आणि तपासणीलाही परवाना लागतो.

पैसे देण्याआधी दुकानातच रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढायला लावा, ग्रीस धुवायला लावा, विजेरी मारून बघा. चेंबरच्या तोंडावर आतून कापसाची काडी फिरवा. कंगोरा असला तर कापसाचे तंतू अडकतात. त्याच रायफलीतून झाडलेल्या पुंगळ्या मागा.

"जुना माल परत घेत नाही," असं दुकानदाराने आम्हाला सांगितलं. गनस्मिथचा लेखी अहवाल आणि पुंगळ्यांचे फोटो जोडून ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. मुलगा सध्या रेंजवरची रायफल वापरतो.