1939 चा रुपया: चांदी खरी, आकडा खोटा

एका खोट्या नाण्यावर 46,500 रुपये गेले. आधी 5,000 टोकन म्हणून यूपीआयने, बाकीचे 41,500 हातात रोख. घरी अजून खरी रक्कम सांगितलेली नाही. इथे सांगतोय, कारण ते विकणारा माणूस उद्या तुमच्यापैकी कुणाला तरी गाठणार आहे.

मी नवशिका नाही. अकरा वर्षं ब्रिटिशकालीन रुपये जमवतोय, 'जुनं नाणं द्या, लाखो घ्या' असल्या फोनला कधी भुललो नाही. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया किती क्वचित दिसतो हे जमवणाऱ्यांना सांगायला नको. 91.7 टक्के चांदीचा तो शेवटचा. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली. माझ्या अल्बममध्ये तेवढा एकच कप्पा रिकामा होता, आणि हे मी त्याला पहिल्याच फोनवर सांगून बसलो. आपल्याकडे काय नाही, हे विकणाऱ्याला कधीही सांगू नका.

भेटल्यावर त्यानेच खिशातून छोटा वजनकाटा काढला. 11.64 ग्रॅम. मूळ वजन 11.66, म्हणजे एवढी झीज चालते. कडही साधी दातेरी, 1940 पासूनच्या सुरक्षा कडेसारखी (दात्यांच्या मधोमध खाच असलेली) नाही. सोबत नाण्याचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीचं लॅमिनेट केलेलं कार्ड, ग्रेड 'एयू-55', म्हणजे जवळजवळ न वापरलेलं. मी भिंग काढून सालावर धरलं, तर म्हणाला, "साहेब, इथे उजेड नाही. राजाचा मुकुट बघा ना, कसा उठलाय!" आणि नाणं माझ्या तळहातावरच उलटं केलं. मी मुकुट बघितला आणि भिंग खिशात टाकलं. तो क्षण अजून झोपू देत नाही. काटा स्वतः घेऊन येणारा माणूस भिंग का टाळतोय, एवढंही मला सुचू नये? "सहा वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणाला आणि मी पैसे मोजले.

रात्री टेबललॅम्पखाली दहापट भिंगातून पाहिलं. 9 च्या पोटाखाली डावीकडे चमच्याने खरवडल्यासारखा उथळ खड्डा, त्यात एकाच दिशेचे बारीक ओरखडे. तिथे 8 ची खालची कमान होती. 1938 चा रुपया घेऊन ती डावीकडून कापली होती. म्हणून वजन बरोबर, म्हणून सराफाच्या मशीनवरही चांदी बरोबर! वजनाच्या, चांदीच्या चाचण्या पार करणारं हे खोटं आहे. वजनावर विसंबू नका, आधी साल बघा. ग्रेडही खोटी. नाणं तिरकं फिरवलं तर मूळ चमक चाकासारखी फिरते; हे सगळीकडून सारखंच पांढरं होतं. धुतलेल्या नाण्याला एयू देतं कोण? कार्डावरचा नंबर ग्रेडिंग कंपनीच्या यादीत टाकून फोटोशी ताडून बघा, पैसे देण्याआधी. मी दिल्यावर बघितला. त्या नंबरचं नाणंच नाही.

मग चकरा. पोलीस ठाण्यात म्हणाले, यूपीआय आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर भेटलात, रोख दिलीत, ठाण्यात जा. परत ठाण्यात. तिथे सगळ्यांसमोर विचारलं, "एक रुपयाच्या नाण्याला साडेसेहेचाळीस हजार कशाला दिलेत?" दारूला, जुगाराला नाही दिले हो! तिसऱ्या खेपेला अर्जावर शिक्का मिळाला, तोही 'दिवाणी बाब' असं ऐकून घेतल्यावर. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केलात. आणि पावती? 'जुने चांदीचे नाणे, 1 नग.' साल नाही, ग्रेड नाही. पावतीवर साल, ग्रेड आणि 'खोटे निघाल्यास पैसे परत' लिहून घेतल्याशिवाय नोट हातातून सोडू नका. माझ्याकडे दाखवायला कागदच नाही, हे ठाण्यातल्या टेबलापलीकडच्या माणसाला माझ्याआधी कळलं होतं.

त्या विकणाऱ्याचा नंबर अजून चालू आहे. परवा स्टेटसला 1911 चा रुपया टाकलाय, 'पिग रुपी, एकच नग'. तो घ्यायला कुणी निघालं असेल तर आधी पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती बघा: 1911 ला तो डुकरासारखा दिसतो, 1912 पासून नीट सोंडेचा हत्ती आहे. त्याने फोटो फक्त सालाच्या बाजूचा टाकलाय.