तिबरच्या खोऱ्यातले नऊ दिवस, आठ महिन्यांनंतर

मागच्या ऑक्टोबरात आम्ही दोघं इटलीला जाऊन आलो. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता फोटो दाखवायची हौस फिटली आहे आणि घरात त्या सहलीचं काय उरलं ते नीट दिसतंय.

सहल एका सहल कंपनीबरोबरची, पण रोम-व्हेनिस-पिसाची नव्हती. एक दिवस फ्लोरेन्स आणि बाकीचे आठ दिवस तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, जिथं तोस्काना आणि उंब्रिया एकमेकांना चिकटतात. मुक्काम शेतघरात, माणसं चौदा, माणशी सव्वातीन लाख. विमान आणि व्हिसा वेगळा. स्वस्त अजिबात नाही.

फ्लोरेन्सचा दिवस फुकट गेला असं म्हटलं तरी चालेल. उफीझीचं चित्रसंग्रहालय दीड तासात! बोत्तिचेल्लीच्या चित्रापेक्षा त्याच्यासमोर उंचावलेले मोबाइलच मी जास्त पाहिले.

जीव रमला तो चित्ता दी कास्तेल्लोत. मी इचलकरंजीची. माहेरी यंत्रमाग, त्याआधी आजोबांचा हातमाग. ह्या गावात 'तेला उंब्रा' नावाचा हातमागाचा कारखाना आहे. आलीस हॉलगार्टन फ्रान्केत्ती ह्या बाईंनी 1908 साली तो काढला, खेड्यातल्या बायकांच्या हातात स्वतःचा पैसा यावा म्हणून. लाकडी मागांवर आजही लिनन विणतात. मागावरच्या बाईंचा एक धागा तुटला. त्यांनी माग थांबवला, बोट ओलं केलं, बघता बघता गाठ मारली आणि टोक नखानं खुडलं. आमचे आजोबा अस्सेच खुडायचे. मी न राहवून धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, मागितला. त्या हसल्या आणि जागा करून दिली. चार फेऱ्या नीट गेल्या, पाचवीला काठ आत ओढला गेला. त्यांनी काही न बोलता तेवढं उसवलं. भाषेची गरजच पडली नाही.

इथं कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी बालशाळाही होती, आणि फ्रान्केत्ती नवराबायकोच्याच पाठबळावर मारिया माँटेसरींचं शिक्षणपद्धतीवरचं पहिलं पुस्तक 1909 साली ह्या गावात छापलं गेलं. ताराबाई मोडकांच्या बालवाड्या ऐकत वाढलेल्या आम्हा दोघी-तिघींना हे कळल्यावर उगाच माहेरी आल्यासारखं वाटलं. तिथून घेतलेले दोन लिननचे नॅपकिन रोज वापरात आहेत. पहिले चार धुणी कडक होते, आता मलमलीसारखे झालेत. महाग होते, पण पैसे वसूल.

देरुता गावातल्या मातीच्या भांड्यांचं एवढं छान म्हणता येत नाही. चूक शिकवणाऱ्यांची नाही, वेळ कमी होता. भाजलेली ताटली पांढऱ्या झिलईच्या द्रावणात बुडवून वाळवतात आणि त्या भुकटीसारख्या थरावर रंगवायचं. कुंचला टेकला की पाणी तिथंच शोषलं जातं, पुसापुशीला वाव नाही. नक्षी उतरवायची रीत मात्र ओळखीची निघाली: कागदाला टाचणीनं भोकं पाडायची आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. आपल्याकडे भरतकामाचा खाका रॉकेलात कालवलेल्या निळीनं उठवायचे, तेच. रंग लावताना जांभळट-राखाडी दिसतो आणि दुसऱ्या भट्टीनंतर गडद निळा होतो. ताटल्या नंतर भाजून घरी पाठवल्या. दीड महिन्यानं आल्या, ह्यांची दोन तुकड्यांत. कुरिअरवाल्यांशी मेलामेली झाली, भरपाई शून्य. माझीवर फुलक्यांचा डबा ठेवते.

शेतघराचं खरं सांगायचं तर पहिल्या रात्री मी थंडीनं आणि बिनमिठाच्या पावानं वैतागले होते. तोस्कानात पावात मीठ घालत नाहीत, त्याचा त्यांना अभिमान आहे. शाकाहारी म्हणून कळवलं होतं, तर तीन वेळा चीज. चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी 'तोर्ता अल तेस्तो' केला, जाड तव्यावरची भाकरीच म्हणा ना, फक्त मैद्याची, आणि आमच्यातल्या एका काकूंनी ती हातानं पलटल्यावर स्वयंपाकघरात टाळ्या पडल्या. मी आता महिन्यातून एकदा भाकरीच्याच तव्यावर करते. नातवंडांना पिझ्झापेक्षा आवडतो.

ऑलिव्हची तोडणी म्हणजे झाडाखाली जाळी पसरायची आणि हातातल्या फणीनं फांद्या विंचरायच्या. दुपारी खांदे भरून आले. त्याच दिवशी घाण्यावर नेऊन तेल काढलं. हिरवंगार, घशात मिरीसारखं चावणारं. तीन लिटर आणलं, जानेवारीत संपलं. दुकानातलं आता तोंडाला लावावंसं वाटत नाही, हा तोटाच. घराच्या खालच्या मजल्यावर पूर्वी गोठा होता, वर कुळाचं कुटुंब. पीक मालकाशी निम्मंनिम्मं वाटायचं, आपल्या अर्धेलीसारखं. नवे अर्धेलीचे करार 1964 च्या कायद्यानं बंद झाले. खोल्या पाहुण्यांना देणारे हे शेतकरी त्यांच्यानंतरचे. ही माहिती मालकांनी स्वतःहून, चुलीजवळ बसून दिली. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नावही नव्हतं.

आता तक्रार. मोंतेर्की गावात पिएरो देल्ला फ्रान्चेस्का ह्या जुन्या चित्रकाराची गर्भवती मेरी पाहिली. पोटावरची चीर सुटलेली, त्यावर हात. ओटी भरावीशी वाटली. मग सान्सेपोल्क्रोत त्याचंच 'पुनरुत्थान': चार शिपाई गाढ झोपलेले, मागे येशू कबरीच्या कडेवर पाय ठेवून उभा, एका बाजूची झाडं बोडकी, दुसऱ्या बाजूची पालवलेली. गाइडनं रंगवून सांगितलं की 1944 च्या उन्हाळ्यात टोनी क्लार्क ह्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ह्या गावावरची तोफांची मारगिरी थांबवली, कारण इथं जगातलं सर्वोत्तम चित्र आहे असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं.

हे म्हणाले, "आणि यशवंत घाडगे?" गाइडला नाव माहीत नव्हतं. ह्यांचं गाव माणगाव तालुक्यातलं. घाडग्यांचा पुतळा बघत शाळेत गेलेला माणूस. त्याच खोऱ्यात, त्याच उन्हाळ्यात, 10 जुलै 1944 ला मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे मशिनगनवर एकटे चालून गेले. तुकडीतले बाकीचे सगळे पडले होते. हातबॉम्ब टाकून मशिनगन बंद पाडली, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. मोन्तोने गावात 2023 साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालंय.

मोकळ्या दुपारी आम्ही टॅक्सी करून गेलो. अर्धा तास. लॅटिनमध्ये कोरलंय, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. त्या दिवशी आभाळ भरलेलं, सावली पडलीच नाही. हे तरीही घड्याळाभोवती एक फेरी मारून आले आणि खिशातून माणगावचा रुमाल काढून डोळे पुसले. टॅक्सीवाल्यानं परतीचं भाडं कमी लावलं, का ते विचारलं नाही.

डिसेंबरात मी कंपनीला सविस्तर लिहिलं: मराठी लोकांना ह्या खोऱ्यात नेता, तर फ्लोरेन्स कापा आणि मोन्तोने घ्या. "नक्की विचार करू" असं उत्तर आलं. गेल्या आठवड्यात नवं पत्रक आलंय. मोन्तोने नाही, फ्लोरेन्स दोन दिवस केलंय.