एव्हरेस्ट बेस कॅम्प, 9 दिवस, फक्त 3 जागा शिल्लक

आधी आकडा सांगते, कारण सगळे तोच विचारतात. माझे 52,900 रुपये या ट्रेकच्या नावाखाली गेले. एकदम नाही, चार महिन्यांत पाच हप्त्यांनी गेले. एकदम मागितले असते तर मी दिलेच नसते.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं. मैत्रिणींपैकी कुणी तयार होईना. एकटीनं जायचं तर विमान चुकलं, पाय मुरगळला, रात्री डोकं दुखायला लागलं तर काय, हे प्रश्न होतेच. नोव्हेंबर 2023 मध्ये एका ओळखीच्या बाईंनी पोस्टर पाठवलं. एप्रिलची तारीख, नऊ दिवस, "कंपनी नाही, नफा नाही, आवडीची माणसं खर्च वाटून जातोय". वर लिहिलेलं, फक्त 3 जागा शिल्लक. त्या बाई स्वतः जाणार नव्हत्या आणि त्यांनाही ते कुणीतरी पाठवलेलं होतं, हे मी विचारलंच नाही. ओळखीतून आलंय एवढं मला पुरलं.

फोनवरचा माणूस मराठी, अदबीनं बोलणारा, समजूतदार. मी म्हटलं, एकटीनं जायचाही विचार आहे. तो म्हणाला, "ताई, 1 एप्रिल 2023 पासून नेपाळनं एकट्यानं ट्रेक करणं बंद केलंय. गाइड सक्तीचा. एकट्या गेलात तर चेकपोस्टवरून परत पाठवतील." मी लगेच शोधलं आणि बातमी सापडली. नियम खरा होता. मला वाटलं, माणूस अभ्यासू आहे.

ती बातमी पुढे वाचली असती तर कळलं असतं की एव्हरेस्टच्या भागातल्या खुंबू पासाङ ल्हामू गाउँपालिकेनं हा नियम आपल्या हद्दीत लागू करणार नाही असं तेव्हाच जाहीर केलं होतं. निखळ खोटं पकडता येतं. अर्धं खरं बोलणाऱ्याला मात्र आपणच शोधून शोधून दुजोरा देत बसतो.

मला ग्रुपमध्ये घेतलं. एकूण चौदा जण. रोज सकाळी कुणीतरी जिने चढल्याचा फोटो टाकायचं, कुणी बुटांबद्दल विचारायचं, कुणी "डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) कधी सुरू करायची?" असं. खरं सांगायचं तर तो ग्रुप मला फार आवडायला लागला होता. घरी कुणाला या विषयात रस नाही, आणि इथे तेरा माणसं माझ्याच वेडाची.

पैसे मागताना तो माणूस कधी घाई करत नसे. घाई ग्रुप करायचा. लुक्ला म्हणजे विमानानं जिथे उतरून ट्रेक सुरू होतो ते गाव. "लुक्लाच्या तिकिटांचे भरायचेत" असा त्याचा निरोप आला की दहा मिनिटांत एकाचा स्क्रीनशॉट, "डन दादा!" मग दुसरीचा. मग तिसऱ्याचा, "कोण राहिलंय? आपल्यामुळे सगळ्यांचे दर वाढतील हं." मी साधारण सहावी-सातवी असायचे. आपल्यामुळे इतरांचं नुकसान नको, या संकोचातून मी पैसे भरत गेले. जागेचे 5,000, विमानाचे 21,500, परमिटचे 5,000, विम्याचे 2,400, टी-हाउसच्या, म्हणजे वाटेतल्या मुक्कामाच्या लॉजच्या, आगाऊ बुकिंगचे 19,000. यूपीआयचा पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं ना, ते दरवेळी वेगळं असायचं. विचारलं तर, "मेव्हण्याचं खातं आहे ताई, माझी लिमिट संपली. निवांत राहा, सगळं बघतो मी."

निवांत राहा. हे दोन शब्द मी त्या चार महिन्यांत पन्नासदा तरी ऐकले असतील.

मी अगदीच भाबडी होते असंही नाही, आणि हे मला जास्त लागतं. नेपाळमधली फसवणूक मला माहीत होती. 2018 मध्ये तिथे हेलिकॉप्टर बचावाचं मोठं प्रकरण बाहेर आलं, सरकारी चौकशी झाली. साधं डोकं दुखणाऱ्या ट्रेकरला घाबरवून हेलिकॉप्टरनं खाली आणायचं, दवाखान्यात भरती करायचं आणि विमा कंपनीकडून भरमसाट बिल वसूल करायचं, असा तो धंदा होता. मी त्यावर पानंच्या पानं वाचली होती. वर कुणी गोळ्या दिल्या तर घ्यायच्या नाहीत, हेलिकॉप्टरला हो म्हणण्याआधी विमा कंपनीला फोन करायचा, सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. मी चोराला डोंगरावर शोधत होते आणि तो माझ्या फोनमध्ये बसून मला रोज सुप्रभात म्हणत होता.

उलगडा झाला तो मार्चमध्ये, जेवणाच्या ताटावर. मामेभाऊ घरी आला होता. तो 2019 मध्ये हा ट्रेक करून आलेला. मी कौतुकानं विमानाचं तिकीट दाखवलं. त्यानं मोबाइल हातात घेतला, मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, दुपारी 3:40 ला लुक्लाला कोण उडतं गं?"

लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटरची, तीही चढाची, समोर डोंगर आणि मागे दरी. विमान एकदा उतरायला लागलं की परत उठून दुसरी फेरी मारायची सोय नाही. दुपारनंतर वारा आणि ढग वाढतात, म्हणून तिथली उड्डाणं सकाळी लवकर उरकतात. मग त्यानं विचारलं, "आणि यात रामेछाप कुठंय?" काठमांडूच्या विमानतळावर गर्दी होते म्हणून वसंत आणि शरद या दोन्ही हंगामांत लुक्लाची बहुतेक विमानं काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात. काठमांडूहून तिथे पोचायला मोटारीनं चार-पाच तास लागतात, त्यामुळे लोक मध्यरात्रीनंतर निघतात. आमच्या कार्यक्रमात मध्यरात्रीची मोटार कुठेच नव्हती. सकाळी आरामात नाश्ता, मग काठमांडू दर्शन, मग दुपारचं विमान.

भाऊ ताट बाजूला सारून बसला आणि कागद मागवून घेतले. मला वाटतं त्या अर्ध्या तासात मी जेवढं शिकले तेवढं चार महिन्यांत शिकले नव्हते.

परमिटच्या यादीत टिम्स कार्डाचे, म्हणजे ट्रेकरच्या नोंदणीच्या कार्डाचे, पैसे होते. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या भागात, 2017 पासून त्याच्याऐवजी स्थानिक पालिकेचं परमिट चालतं, टिम्स लागत नाही. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क यादीत 3,000 नेपाळी रुपये लावलं होतं. तो इतर परदेशी लोकांचा दर. सार्क देशांच्या नागरिकांना 1,500, वर व्हॅट. म्हणजे आपल्या पासपोर्टला अर्ध्यात होतं ते काम. शिवाय ही दोन्ही परमिटं वाटेतच मिळतात, पालिकेचं लुक्लाला आणि उद्यानाचं मोंजोला. चार महिने आधी कुणाकडे पैसे द्यायचं कारणच नाही.

आणि मग दिवसांचा हिशेब. वाटेतलं नामचे गाव 3,440 मीटरवर. तिथे एकच रात्र आणि दुसऱ्या दिवशी थेट दिंगबोचे, 4,410 मीटर. तिसऱ्या दिवशी गोरक शेप, बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम, 5,164. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांचा साधा नियम आहे. म्हणून शहाणी माणसं नामचेला दोन रात्री काढतात, दिंगबोचेला दोन, आणि लुक्ला ते लुक्ला बारा-एक दिवस लावतात. आमच्या नऊ दिवसांत तर काठमांडूही बसवलेलं होतं. "हा तुम्हाला खरंच घेऊन गेला असता तर जास्त वाईट झालं असतं," भाऊ म्हणाला. तो हसत नव्हता.

नऊ दिवस का, हे मला तेव्हा कळलं. मला ऑफिसातून पाच दिवसांची रजा मिळत होती, अलीकडचे-पलीकडचे शनिवार-रविवार धरून बरोबर नऊ दिवस होत होते. इतर आयोजक चौदा-पंधरा दिवस सांगत होते म्हणून मी त्यांना सोडून याच्याकडे आले होते. त्या माणसानं डोंगराचा अभ्यास केलाच नव्हता. त्यानं नोकरदारांच्या रजेचा अभ्यास केला होता.

त्याच रात्री विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पॉलिसीचा नंबर त्यांच्याकडे नव्हताच. पोस्टरवर काठमांडूच्या ज्या एजन्सीचं नाव होतं ती खरी होती. तिला ईमेल केला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर आलं: हे आमचं बुकिंग नाही, या माणसाला आम्ही ओळखत नाही. एक ईमेल आणि काही तासांची वाट. नोव्हेंबरमध्ये हे मला का सुचलं नाही?

ग्रुपमध्ये विचारायला गेले तर निरोप पाठवायची सोय फक्त ॲडमिनकडे ठेवलेली. मग एकेक नंबर लावला. पाच नंबर कधीच लागले नाहीत. हे पाच म्हणजे तेच, सगळ्यात आधी "डन दादा" म्हणणारे. जिन्यांचे फोटो टाकणारी ती उत्साही मुलगी त्यांतलीच. तिच्याशी मी गुडघ्याच्या पट्ट्यांवर किती बोलले होते! पैशांइतकंच तेही मनाला लागून राहिलं.

एक नंबर त्या माणसाचा. उरलेले सात खरे निघाले, आठवी मी. सातही जणांशी बोलले आणि प्रत्येकानं थोड्याफार फरकानं एकच वाक्य ऐकवलं: "मला वाटलं तुम्ही कुणीतरी चौकशी केली असेल." एका निवृत्त काकांना तर वाटत होतं की मीच केली असणार, कारण मी ग्रुपमध्ये फार प्रश्न विचारायचे. एकटी जात असते तर मी विमान कुठून सुटतं हे दहा वेळा तपासलं असतं. आठ जण होतो म्हणून कुणीच तपासलं नाही.

इथून पुढचं भराभर सांगते. 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक, तिथे लगेच तक्रार केली, मग सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर. पैसे गेल्यावर पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण तोवर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरलेली नसते. माझा टी-हाउसचा हप्ता दोनच दिवसांपूर्वी गेला होता. त्यातले 11,400 एका खात्यात अडकलेले सापडले आणि गोठवले गेले. ते परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागेल असं मला तेव्हा पोलिसांनी सांगितलं. बाकीचे कुठल्या कुठे. सात जणांपैकी दोघांनी तक्रारच केली नाही. एकीनं घरी खर्चाचा आकडा कमी सांगितला होता, दुसऱ्याला लाज वाटत होती. मी समजावून थकले.

आणि हो, तक्रारीनंतर आठवड्यात एक फोन आला. सायबर शाखेतून बोलतोय, तुमची पूर्ण रक्कम सापडली आहे, 3,500 रुपये प्रक्रिया शुल्क भरा. माझं नाव, रक्कम, सगळं त्याला ठाऊक होतं. एकदा फसलेल्या माणसांची यादीही पुढे जात असते बहुतेक. मी फोन ठेवला. काकांनी मात्र भरले.

बूट कपाटात आहेत. आम्ही पाच जण अजून संपर्कात आहोत आणि पुढचा बेत चौदा दिवसांचा आहे. पैसे नेपाळच्या पर्यटन विभागाकडे नोंदलेल्या एजन्सीला थेट, तिच्या नावाच्या खात्यात. विमान, विमा आणि उंचीचा तक्ता प्रत्येकानं स्वतः तपासायचा असं ठरलंय. ग्रुपवर त्यामुळे भांडणं फार होतात.

परवा ऑफिसातल्या एका मुलानं मला पोस्टर दाखवलं, "मॅडम, तुम्हाला आवडतं ना हे?" तोच फोटो, तेच नऊ दिवस, तारीख ऑक्टोबरची. नंबर नवा. फक्त 3 जागा शिल्लक. त्याच्याच मोबाइलवरून आम्ही एक प्रश्न पाठवला, लुक्लाचं विमान कुठून सुटेल? दोन मिनिटांत उत्तर आलं.

"काठमांडूहून, दुपारी. निवांत राहा दादा, सगळं बघतो मी."